दात घासताना हिरडीची कड सुटते, ती अशी धरा

आरशासमोर उभा राहून दात घासणारा माणूस आरशात जे दिसते तेवढेच घासतो. समोरचे दात, त्यांची बाहेरची बाजू, आणि त्यातही मधला चकाकणारा भाग. मी फोंडा तालुक्यात दातांचा दवाखाना चालवते आणि खुर्चीत बसलेल्या बहुतेक तोंडांत मला हेच चित्र दिसते. पुढून दात स्वच्छ. छोटा आरसा आत घालून खालच्या पुढच्या दातांची जिभेकडची बाजू बघावी, तर तिथे पिवळट किटण जमलेले. वरच्या शेवटच्या दाढांची गालाकडची बाजू बघावी, तर तिथेही तेच. आणि दात जिथे हिरडीतून बाहेर येतो त्या कडेवर, तोंडभर, पांढुरका मऊ थर.

ही माणसे आळशी नसतात. रोज घासतात, काही जण दोनदा घासतात, चांगला जोर लावून घासतात. नेमकी जागा कोणती, हे मात्र त्यांना कुणी दाखवलेले नसते. शाळेत 'रोज दात घासा' एवढेच शिकवतात, आणि घरी मोठ्यांचे बघून लहान तसेच हात चालवतात. म्हणून आधी जागा सांगते, मग हात कसा चालवायचा ते.

नेमके काय घासून काढायचे

दातात अडकलेले अन्न काढणे हे ब्रशचे दुय्यम काम. मुख्य काम आहे जंतूंचा थर मोडण्याचे. तोंडातले जंतू दाताच्या पृष्ठभागावर चिकटतात, वाढतात आणि स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात. याला प्लाक म्हणतात. पावसाळ्यात विहिरीच्या पायऱ्यांवर बुळबुळीत शेवाळ धरते आणि कितीही पाणी ओतले तरी हलत नाही, घासावेच लागते, तसे हे असते. नुसती चूळ भरून किंवा माउथवॉशने गुळण्या करून प्लाक जात नाही तो यामुळेच.

हा थर दोन तऱ्हांनी नुकसान करतो. त्यातले स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्ससारखे जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात. दातालगतचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण ५.५च्या खाली गेला की इनॅमलमधले, म्हणजे दाताच्या वरच्या कडक आवरणातले, खनिज विरघळू लागते. लाळ हळूहळू आम्ल निवळवते आणि गेलेले खनिज थोडेफार परत बसवते. पेस्टमधले फ्लोराइड या कामात तिला मदत करते. विरघळणे जास्त आणि भरून येणे कमी, असे दिवसेंदिवस चालले की कीड लागते.

दुसरे नुकसान हिरडीचे. कडेवर थर बसून राहिला की हिरडी लाल होते, सुजते, ब्रश लागताच रक्त येते. एक-दोन दिवसांत याच थरात लाळेतले कॅल्शियम बसायला लागते आणि त्याचे कडक किटण होते. एकदा किटण झाले की कुठलाही ब्रश, कुठलीही पेस्ट ते काढू शकत नाही, ते डॉक्टरांनाच काढावे लागते. लाळग्रंथींची मोठी तोंडे दोन ठिकाणी उघडतात: एक जिभेखाली, खालच्या पुढच्या दातांच्या मागे, आणि दुसरे गालाच्या आत, वरच्या दाढांसमोर. वर सांगितलेल्या दोन जागी सर्वांत जास्त किटण का सापडते, त्याचे उत्तर यात आहे. आणि नेमक्या या दोन जागा आरशात दिसत नाहीत.

ब्रश आणि पेस्ट

ब्रश मऊ घ्यावा. पाकिटावर 'सॉफ्ट' लिहिलेले असते. कडक ब्रशने दात जास्त स्वच्छ होतात ही समजूत फार खोलवर रुजलेली आहे आणि तिने पुष्कळ हिरड्या खाल्ल्या आहेत. प्लाक मऊच असतो, त्याला मऊ केस पुरतात. कडक केसांनी हिरडी मागे सरकते, दाताचे मूळ उघडे पडते आणि गार पाणी लागले की कळ जाते. ब्रशचे डोके लहान असावे, शेवटच्या दाढेमागे सहज जाईल इतके. तीन महिन्यांनी बदलावा. केस त्याआधीच बाहेरच्या बाजूला वाकले तर लगेच बदलावा. महिनाभरात केस फिसकटत असतील तर तुम्ही फार दाबता आहात.

आपल्याकडच्या पावसाचा इथे थोडा विचार करायला हवा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत इतका ओलावा असतो की सकाळी वापरलेला ब्रश रात्रीपर्यंत वाळतच नाही. ओल्या ब्रशला प्लास्टिकचे टोपण घालून ठेवू नका. वापरून झाला की वाहत्या पाण्याखाली धुवा, झटका आणि डोके वर करून उघडा उभा ठेवा, शक्यतो न्हाणीघराबाहेर, वारा लागेल अशा ठिकाणी. घरातल्या सगळ्यांचे ब्रश एकाच पेल्यात एकमेकांना चिकटून नसावेत. पावसाळ्यात दोन ब्रश ठेवून एक सकाळी आणि एक रात्री वापरला, तर दोन्हींना वाळायला पूर्ण दिवस मिळतो.

पेस्टमध्ये फ्लोराइड आहे ना, एवढे बघावे. बाकी रंग, चव, फेस यांना फारसा अर्थ नाही. फ्लोराइड किती आहे ते ट्यूबवर पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग) छापलेले असते. भारतीय नियमानुसार टूथपेस्टमध्ये १००० पीपीएमपेक्षा जास्त फ्लोराइड चालत नाही आणि ते प्रमाण ट्यूबवर आणि खोक्यावर लिहिणे बंधनकारक आहे. गोव्यातल्या पुष्कळ घरांत जहाजावरच्या किंवा परदेशी राहणाऱ्या माणसाने आणलेल्या ट्यूब असतात. त्यांवर १४५० पीपीएम असे दिसेल. मोठ्यांनी ती वापरायला हरकत नाही, लहान मुलांना मात्र इथलीच द्यावी. मोठ्या माणसाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर पट्टी लागत नाही. फेस इतका होतो की माणूस अर्ध्या मिनिटात थुंकून मोकळा होतो.

कोळसा, राख, मीठ, विटकरीची पूड आणि बोटाने घासायची खरखरीत लाल मंजने यांनी दात पांढरे झाल्यासारखे वाटतात, कारण डाग खरवडून निघतो. डागाबरोबर इनॅमलही झिजते, आणि इनॅमल एकदा गेले की परत उगवत नाही. काळ्या पेस्टला आता नव्याने भाव आला आहे. तिचाही दातांना उपयोग झाल्याचे मला दिसलेले नाही.

आंब्याचे पान दुमडून त्याने दात घासणारी आणि माडाचा हीर चिरून त्याने जीभ ओढणारी वडीलधारी माणसे आजही आपल्या गावांत आहेत. त्यांना मी नाही म्हणत नाही. पानाने बाहेरची बाजू पुसली जाते, कडुनिंबाची काडी नीट चावून मऊ केली तर पुढचे दात बरे घासले जातात, आणि हिराने जीभ छान निघते. पण पान आणि काडी दाढांच्या आतल्या बाजूला पोचत नाहीत आणि त्यांत फ्लोराइड नसते. सकाळी पान वापरायचे असेल तर वापरा, रात्री मात्र ब्रश आणि पेस्ट घ्या.

मशेरीचे तसे नाही. ती भाजलेली तंबाखू आहे. दात घासण्याच्या नावाखाली ती हिरडीला आणि गालाच्या आतल्या नाजूक कातडीला रोज लागते, सवय लागते, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली. तरी घरी भाजलेली मशेरी चालूच आहे. तुमच्या घरी आजी ती लावत असेल, तर तिच्यावर ओरडू नका. तिला एकदा तोंड दाखवायला घेऊन या.

हात कसा चालवायचा

आता सांगते त्या पद्धतीला 'बास पद्धत' म्हणतात. चार्ल्स बास हे न्यू ऑर्लिन्सचे डॉक्टर. दंतवैद्य नव्हेत; मलेरियाचे परजीवी प्रयोगशाळेत वाढवून दाखवणारे संशोधक म्हणून आधी त्यांचे नाव झाले होते. निवृत्तीनंतर त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दात आणि हिरडीमधली फट अभ्यासली आणि ब्रशचे टोक तिथे पोचले पाहिजे हे ठामपणे मांडले. जगभरचे दंतवैद्य आजही थोड्याफार फरकाने तेच शिकवतात.

ब्रश मुठीत आवळू नका. पेन धरतो तसा बोटांत धरा. आपोआप जोर कमी होतो. आता ब्रश दाताला सपाट न लावता तिरका लावा, साधारण ४५ अंशांत, म्हणजे केसांची टोके हिरडीच्या दिशेने होतील. वरच्या दातांना टोके वर, खालच्या दातांना टोके खाली. अर्धे केस दातावर, अर्धे हिरडीवर. हलके दाबा, इतपतच की टोके दात आणि हिरडीच्या मधल्या बारीक खाचेत किंचित शिरतील.

आता ब्रश हलवायचा, पण टोके जागची हलू द्यायची नाहीत. अर्ध्या दाताच्या रुंदीएवढी बारीक थरथर, मागे-पुढे, दहा-पंधरा वेळा. एका वेळी दोन किंवा तीन दातच ब्रशखाली येतात. थरथर झाली की मनगट फिरवून ब्रश हिरडीकडून दाताच्या टोकाकडे ओढून घ्या, म्हणजे सैल झालेला थर बाहेर निघतो. वरच्या दातांवर हा झटका खाली, खालच्या दातांवर वर. मग ब्रश उचलून पुढच्या दोन-तीन दातांवर ठेवा, थोडा आधीच्या दातावर येईल असा, म्हणजे मध्ये जागा सुटत नाही.

सुरुवातीला हे फार सावकाश वाटते. हाताला लांब आडवे फटके मारायची सवय असते. त्या आडव्या फटक्यांनी दाताच्या मुळापाशी खाचा पडतात. उजव्या हाताने घासणाऱ्यांच्या डाव्या सुळ्यापाशी मला त्या जास्त दिसतात, कारण तिथे हाताला सर्वांत मोकळा जोर मिळतो. नख लावून बघा, हिरडीलगत दातावर नख अडकत असेल तर तुमचा हात आडवा चालतो आहे.

वाळपईकडच्या एक काकी हिरडीतून रक्त येते म्हणून आल्या होत्या. "रक्त येतं तिथे मी ब्रश लावतच नाही, डॉक्टर. अजून दुखावेल म्हणून." मी त्यांच्या हातात आरसा दिला आणि ब्रश त्यांच्या खालच्या दातांना तिरका टेकवला. "काकी, असाच धरा. अजून हलवू नका. काय वाटतं?" त्या हसल्या. "गुदगुल्या होतायत." मग थरथर करायला सांगितली. पाण्यात थोडे रक्त आले, त्या घाबरल्या, पण हात थांबवू दिला नाही. आधी किटण काढून दिले होते. पुढच्या खेपेला आल्या तेव्हा हिरडी फिकट गुलाबी आणि घट्ट झाली होती. गुदगुल्या होतात ती जागा बरोबर, हे त्या आता सुनेला शिकवतात.

कुठून सुरू करायचे, कुठे संपवायचे

आतून सुरू करा. सुरुवातीला लक्ष ताजे असते, ते न दिसणाऱ्या बाजूंना द्यावे. खालच्या डाव्या शेवटच्या दाढेपासून जिभेकडच्या बाजूने उजवीकडच्या शेवटच्या दाढेपर्यंत या. मध्ये पुढचे दात आले की कमान अरुंद होते आणि आडवा ब्रश तिथे मावत नाही. तिथे ब्रश उभा करा, फक्त पुढचे टोक वापरा आणि हिरडीकडून वर ओढा, एकेका दातावर. किटणाचे मोठे माहेरघर हेच, इथे घाई नको. मग वरच्या दातांची टाळूकडची बाजू तशीच करा. वरच्या पुढच्या दातांना ब्रश उभा धरून खाली ओढा.

यानंतर बाहेरच्या बाजू. वरच्या शेवटच्या दाढेशी पोचायला माणसे तोंड मोठे उघडतात, आणि तिथेच चुकते. तोंड पूर्ण उघडले की गाल ताणला जातो आणि जबड्याचे हाड पुढे येऊन जागा अडवते. तोंड अर्धे मिटा, गाल सैल सोडा, ब्रश आरामात शेवटपर्यंत जातो. शेवटच्या दाढेची मागची बाजूही ब्रशच्या टोकाने पुसून घ्या. सुळा येतो तिथे कमान वळते. ब्रश पुन्हा नीट तिरका लावा, नाहीतर तो दात दोन्हीकडून सुटतो.

चावायच्या बाजू सगळ्यात शेवटी. तिथे सरळ मागे-पुढे घासले तरी चालते.

हे सगळे करायला दोन मिनिटे लागतात. तोंडाचे चार भाग धरले तर प्रत्येकी अर्धे मिनिट. काही दिवस मोबाइलवर वेळ लावून बघा, तुमची नेहमीची दोन मिनिटे किती होती ते कळेल. बॅटरीचा ब्रश असेल तर थरथर तो स्वतः करतो. तुम्ही फक्त तिरका टेकवून प्रत्येक दातावर थोडे थांबायचे, हात चालवायचा नाही.

जीभ मागून पुढे दोन-चार वेळा टंगक्लीनरने ओढा. उमासे येतात इतक्या मागे जाऊ नका.

मग फेस थुंका, आणि भरभरून चुळा भरू नका. हे ऐकून सगळे दचकतात. दातावर थोडी पेस्ट राहिली की फ्लोराइडला काम करायला वेळ मिळतो. तीन-चार चुळांत ते सगळे वाहून जाते. अगदीच राहवत नसेल तर घोटभर पाण्याने एकदा. पुढचा अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका. माउथवॉश वापरत असाल तर तोही ब्रश केल्याबरोबर लगेच नको, दिवसातल्या दुसऱ्या वेळी.

झाले का नीट? जीभ दातांच्या आतल्या कडेवरून फिरवा. गुळगुळीत लागले तर झाले, लोकरीसारखे लागले तर तिथे पुन्हा जा.

रात्र

दिवसातून दोनदा घासायचे, त्यातली एक वेळ चुकवावीच लागली तर सकाळची चुकवा. झोपेत लाळ फार कमी होते. दिवसभर आम्ल निवळणारी लाळच नसेल तर रात्री जेवणाचा थर सात-आठ तास दातांवर निवांत काम करतो. आपल्याकडे मात्र सकाळचे दात घासणे हा नेम आणि रात्रीचे घासणे ही हौस समजली जाते.

गोव्यात रात्रीचे वेळापत्रक बिघडायला कारणेही पुष्कळ. जत्रेतले नाटक पहाटेपर्यंत चालते, हातात खाज्याची पुडी असते, घरी आल्यावर माणूस तसाच आडवा होतो. गूळ आणि आले लावलेले खाजे दाढेच्या खाचेत असे बसते की जिभेने निघत नाही. चवथीत चार-पाच दिवस नेवऱ्या, मोदक, पाहुण्यांबरोबर पुन्हा पुन्हा चहा. सणात खाऊ नका असे मी म्हणणार नाही. गोड खायचे तर जेवणाबरोबर एकदाच खा, दिवसभर थोडे-थोडे तोंडात टाकू नका. दर वेळी साखर आली की आम्लाचा नवा फेरा सुरू होतो, एक नेवरी असो की अर्धी. संध्याकाळी पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, घेतलेली कांकणे (बांगडीसारखे कडक पाव) गोड चहात बुडवून तासभर चघळत बसणे हे दातांना जेवणानंतरच्या बिबिंकेच्या तुकड्यापेक्षा जास्त महागात पडते. नाटकाला निघण्याआधी ब्रश करून निघालात आणि तिथे फक्त पाणी प्यालात, तर पहाटेची अडचणच राहत नाही.

आंबटाचा नियम वेगळा आहे. सोलकढी, लिंबूसोडा, उन्हाळ्यातला हुर्राक (काजूची हलकी दारू) आणि त्यातले लिंबू, कच्ची कैरी मिठाबरोबर, चिंच. या आम्लांनी इनॅमलचा वरचा थर तात्पुरता मऊ होतो. त्यावर लगेच ब्रश फिरवला तर मऊ झालेला थर घासून निघतो. आंबट खाल्ले-प्यायले की साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा-एक तास थांबून ब्रश करा. म्हणूनच सकाळी चहा-न्याहारीच्या आधी दात घासायची आपली जुनी सवय चांगली आहे.

दातांच्या मधल्या फटी

ब्रश कितीही चांगला चालवला तरी दोन दात जिथे एकमेकांना टेकतात तिथे तो पोचत नाही. दाढांच्या मधली कीड आणि हिरडीचा आजार बऱ्याचदा तिथूनच सुरू होतो. दिवसातून एकदा, रात्रीच्या ब्रशआधी, फ्लॉस म्हणजे दात साफ करायचा दोरा वापरावा. हातभर तुकडा, साधारण ४५ सेंटीमीटर, दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळायचा आणि मध्ये दोन-तीन सेंटीमीटर मोकळा ठेवायचा. करवतीसारखा हळूहळू सरकवत फटीत उतरवा. खटकन खाली दाबला तर हिरडी कापते. आत गेला की एका दाताला वेढा घालून वर-खाली पुसा, मग शेजारच्या दाताला.

हिरड्या मागे गेलेल्या आणि फटी मोठ्या झालेल्या माणसांना दोऱ्यापेक्षा बारीक इंटरडेंटल ब्रश सोपा जातो. कोणत्या जाडीचा, ते एकदा डॉक्टरांकडून बघून घ्या. बांगड्याचा काटा किंवा रायवळ आंब्याचा धागा अडकला की सेफ्टी पिन, टाचणी किंवा आगकाडी घालू नका. आणि एकाच फटीत रोज अन्न अडकत असेल तर तिथे कीड असू शकते किंवा भरलेला दात तुटलेला असू शकतो, ते दाखवायलाच हवे.

रक्त आणि साखर

हिरडीतून रक्त येते ते बहुतेक वेळा कडेवर थर बसल्यामुळे. ती जागा सोडली की थर वाढतो, रक्तही वाढते. मऊ ब्रशने, हलक्या हाताने, तिथेच घासत राहा. एक-दोन आठवड्यांत रक्त थांबायला हवे. नाही थांबले, तर खाली किटण असू शकते, ते दाखवून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना तसे सांगा.

मधुमेह असलेल्यांनी हा भाग दोनदा वाचावा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीत देशात मधुमेहाचे सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात आढळले, २६.४ टक्के. साखर वाढलेली असली की हिरडीचा आजार लवकर बळावतो, आणि हिरडीत सूज-पू असला की साखर आटोक्यात ठेवणे अवघड होते. दोन्ही एकमेकांना ओढतात. साखरेची तपासणी नेमाने करणारे लोकही हिरड्या दाखवायला येत नाहीत, याचे मला फार वाईट वाटते. गरोदरपणातही हिरड्या सुजतात आणि रक्त येते; तेव्हा ब्रश बंद करू नये, मऊ ब्रश घ्यावा.

मुलांचे दात

पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या सुमारास येतो, आणि तो आला त्या दिवसापासून घासायचा. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. थुंकायला शिकवा, गिळू देऊ नका. मुलाच्या मागे उभे राहा, त्याचे डोके तुमच्या पोटाला टेकवा, एका हाताने ओठ बाजूला करा. आत सगळे दिसते. मुलाच्या हातात ब्रश देऊन 'घास बघू' म्हणणे पुरत नाही. सात-आठ वर्षांपर्यंत त्याच्या हाताला ही बारीक हालचाल जमत नाही. त्याने आधी घासावे, मग तुम्ही. दूधाची बाटली तोंडात धरून झोपायची सवय लावू नका.

साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दातांच्या मागे, काहीही न पडता, एक नवी दाढ येते. ती कायमची असते. आईवडिलांना ती दुधाची वाटते, 'पडेल, मग नवीन येईल' म्हणून लक्ष दिले जात नाही, आणि दहाव्या वर्षी ती भरायला किंवा काढायला आणतात. सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडात शेवटच्या दाढेमागे बोट फिरवून बघा. ती अर्धी वर आलेली असताना शेजारच्या दातांपेक्षा खाली असते, त्यामुळे नेहमीचा ब्रश तिच्यावरून नुसता निघून जातो; ब्रश आडवा, गालाकडून आत घालून तिच्यावर टेकवावा लागतो. तिच्या खाचा खोल असतील तर दंतवैद्य त्या सीलंटने, म्हणजे पातळ लेपाने, बंद करून देतात, त्यात दुखत नाही.

कवळी आणि तारा

कवळी रात्री काढून ठेवावी, ब्रशने आणि साध्या साबणाने धुवावी, पेस्टने नको, ओरखडे पडतात. धुताना खाली पाण्याने भरलेले भांडे ठेवा, निसटली तरी फुटत नाही. रात्रभर पाण्यात ठेवा. हिरड्याही मऊ कापडाने पुसाव्यात. तारा लावलेल्यांनी तारेच्या वरून आणि खालून, दोन्ही बाजूंनी ब्रश तिरका लावून घासावे, दर जेवणानंतर.

दाखवायला कधी जायचे

दुखल्यावर जाणे म्हणजे उशीर. हिरडीतून पू, हलणारा दात, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्वीसारखे न उघडणे, यांपैकी काही असेल तर त्याच आठवड्यात. काहीच नसेल तर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर बांबोळीचे गोवा डेंटल कॉलेज १९८० पासून हे काम करते. तिथे तपासणी करून घ्या.

किटण काढले की दात हलतात, ही भीती गावोगाव आहे. हिरडी आधीच खाली गेलेली असते आणि किटणाने दात एकमेकांना जखडलेले असतात. किटण निघाले की खरी स्थिती जाणवते. फटी दिसतात त्याही किटणाने बुजलेल्या असतात. काही दिवस गार लागते, मग कमी होते.

जाताना घरी वापरता तोच ब्रश पिशवीत घालून न्या. डॉक्टरांसमोर नेहमीसारखे घासून दाखवा. कुठे हात आडवा जातो आणि कोणता दात सुटतो ते त्यांना अर्ध्या मिनिटात दिसते, आणि तुमच्याच ब्रशने तुमच्याच तोंडात दाखवलेली जागा पक्की लक्षात राहते.